झाबेता गाडी मागे घेते

आमच्या बेटावर माणसाला गाडी पुढे नेता आली नाही तरी एक वेळ चालतं, मागे नेता आलीच पाहिजे. कारण फेरीबोट. बोटीला तोंड एकच. त्या तोंडातून सगळ्या गाड्यांनी उलटं आत शिरायचं, म्हणजे समोरच्या लेफ्कादाच्या किनाऱ्याला लागल्यावर सरळ उतरता येतं. अथेन्सहून येणारे पाहुणे धक्क्यावर हे पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांचा चेहरा उतरतो. काही जण मुकाट्याने किल्ली खलाशाच्या हातात देतात आणि फोनवर बोलत असल्याचं सोंग करत बाजूला होतात. आमच्यातलं कोणी तसं करत नाही. आमच्याकडे किल्ली देणं म्हणजे आपण आता थकलो हे चारचौघांत कबूल करणं, आणि एकदा दिलेली किल्ली परत मागायला तोंड राहत नाही.

हे आधी सांगून ठेवते. नाहीतर एवढ्याशा गोष्टीवरून या बायका एवढ्या का पेटल्या, असं कुणाला वाटायचं.

झाबेता ही माझ्या धाकट्या भावाची, पानायिसची बायको. ती समोरच्या किनाऱ्यावरची. तिचा बाप विटांचा ट्रक चालवायचा आणि त्याला मुलगा नव्हता, म्हणून ट्रक कसा वळतो ते हिला शिकवून ठेवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा हिच्याकडे लायसन्स होतं, माझ्या भावाकडे नव्हतं, आजही नाही. तो होड्या रंगवतो. वल्हं म्हणा, शीड म्हणा, त्याला सगळं कळतं, ब्रश तर हातात घेऊनच जन्मला असावा. पण गाडीत बसवला की काच खाली कशी करायची ते विचारतो. तेव्हा घरातली चाकं पहिल्यापासून हिच्याच ताब्यात.

बेटावर भाड्याची घरं वाढली तशी हिने एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. घराघरांतून चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल गोळा करायचे, बोटीने पलीकडच्या लाँड्रीत न्यायचे आणि धुतलेले परत आणायचे. माझा नवरा गेल्यावर घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा मीही तिच्या शेजारच्या सीटवर बसायला लागले. गाठोडी उचलायची, वाटायची, तिच्याशी भांडायचं. भांडण बहुतेक एकतर्फीच व्हायचं, कारण झाबेताचं बोलणं कमी आणि हट्ट फार. उंचीला बेताची, रुंदीला भरपूर. सीटवर उशी घेऊन बसायची आणि एका हाताने व्हॅन अशी मागे सरकवायची की खलाशीसुद्धा हात खिशात घालून बघत राहायचे. बोटीवर उलटी गाडी घालणारी बेटावरची ती पहिली बाई. आता पुष्कळ आहेत, पण पहिली तीच, आणि हे तिने स्वतः कधी बोलून दाखवलेलं मला आठवत नाही.

मग ऑलिव्हच्या हंगामात शिडीवरून पडली. आयोआनिना शहरातल्या दवाखान्यात तिच्या मानेत धातूची पट्टी बसवली. जीव वाचला, हातपाय शाबूत राहिले, पण मान वळेना. बाजूला कोण आहे ते बघायचं तर कपाट सरकवावं तसं सगळं अंग वळवावं लागायचं. लायसन्सच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, आरशांवर चालवू शकता, मागे घेताना मदतीला काहीतरी बसवून घ्या. म्हणजे कायद्याने तिला परवानगी होती. पण बोटीवर कायदा आर्सेनिसचा चालतो.

आर्सेनिस हा बोटीवरचा सारंग. कोणती गाडी कुठे लागणार हे तो ठरवतो, आणि दोन गाड्यांच्या मध्ये हात जाईल एवढी जागा राहिली तर त्याला ती वाया गेल्यासारखी वाटते. आवाज असा की इंजिन चालू असताना वरच्या डेकवरच्या बाया कानावर हात ठेवतात. त्याची पद्धत ठरलेली होती. गाडी मागे येत असेल तर हा बरोबर तिच्या मागे उभा राहणार, पाठ लोखंडी भिंतीला, आणि ओरडणार, “ये, ये, ये, ये.” गाडी गुडघ्याला टेकायला आली की तिच्या पाठीवर थाप मारून म्हणणार, “बस्स.” सगळे खलाशी असंच करतात. त्यांचे बापही असंच करायचे. हे मूर्खपणाचं आहे असं आमच्यात कोणालाच कधी वाटलं नव्हतं. मलाही नाही.

पुन्हा व्हॅन चालवायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात झाबेताने एका दातांच्या डॉक्टरच्या गाडीला कोपरा घासला. फार नाही, थोडा रंग गेला. आर्सेनिस खिडकीशी आला.

“झाबेताबाई, पुन्हा असं झालं तर किल्ली रॅम्पवर द्यायची. माझा माणूस लावेल गाडी.”

“पुन्हा होणार नाही,” ती म्हणाली.

“मानेला विचार आधी.”

मी बोलणार होते, तर तिने माझ्या मांडीवर असा हात दाबला की मी कळवळले.

त्याच दिवशी, चादरी लाँड्रीत टाकून, ती मला घेऊन थिमियोसकडे गेली. थिमियोस गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. त्याने मागच्या बंपरला चार भोकं पाडून चार काळ्या चकत्या बसवल्या, मोठ्या नाण्याएवढ्या, आणि स्टिअरिंगच्या खाली एक छोटी डबी. रिव्हर्स गिअर टाकला की त्या चकत्या आवाज सोडतात. तो आपल्या कानांना ऐकू येत नाही. मागे काही असेल तर आवाज त्यावर आपटून परत येतो, किती वेळात आला त्यावरून अंतर कळतं, आणि डबी टिक, टिक करून ते आपल्याला सांगते. लांब असलं की सावकाश, जवळ आलं की घाईने, आणि अगदी वीतभर राहिलं की एक सलग सूर. तो सूर लागला की थांबायचं, वाद घालायचा नाही. थिमियोसने आणखी दोन गोष्टी बजावल्या. बारीक खांब, खाली पडलेली साखळी याला दिसेलच असं नाही, तेव्हा आरसे सोडायचे नाहीत. आणि चकत्या पुसून ठेवायच्या, चिखल आणि मीठ साचू द्यायचं नाही.

घरी येऊन मी हे पानायिसला सांगत होते आणि मला ते नीट सांगता येत नव्हतं. तो हसला.

“अगं ताई, त्यात काय एवढं? धुक्यात आम्ही काय करतो? भोंगा वाजवतो. कड्यावरून आवाज लगेच परत आला तर कडा जवळ, उशिरा आला तर लांब. तुमच्या व्हॅनला भोंगा बसवलाय आणि कान बसवलेत.”

इतकं सोपं करून मला थिमियोसनेही सांगितलं नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते पुढे विसरता येईना.

झाबेताने अंगणात तेलाचे रिकामे डबे मांडले आणि संध्याकाळभर मागेपुढे, मागेपुढे केलं. शेजारच्यांचे कान किटले. पण दोन-तीन दिवसांत तिला ते टिकटिकणं अंगवळणी पडलं. तोवर मान वळत नाही म्हणून ती खांदे आवळून बसायची, ते खांदे खाली आले. डबीकडे ती बघायचीही नाही, नुसती ऐकायची, दोन्ही आरसे बघायची आणि सूर लागला की थांबायची. डब्याला एकदाही धक्का नाही. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर पडल्यानंतर तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

आर्सेनिसला मात्र ते यंत्र सवतीसारखं वाटलं. तो ओरडतोय “ये, ये” आणि ही सूर लागला म्हणून थांबलेली.

“अजून हातभर जागा आहे.”

“वीतभर आहे,” झाबेता म्हणाली.

“मी इथे उभा आहे की तो रातकिडा उभा आहे?”

“रातकिडा खोटं बोलत नाही.”

असं आठवडाभर चाललं. शेवटी झाबेतानेच तोड काढली. सूर लागेपर्यंत ती यंत्राचं ऐकेल. त्यानंतरची वीत आर्सेनिसच्या हाताची, पण त्याने मागे उभं राहायचं नाही. डावीकडे उभं राहायचं, आरशात दिसेल असं. मान वळत नाही, तेव्हा जो आरशात नाही तो तिच्यासाठी बोटीवर नाही. आर्सेनिसने मान डोलावली, कुरकुरत का होईना पण डावीकडे उभा राहू लागला, आणि सगळा हिवाळा गाडीला साधा ओरखडाही आला नाही. दातांचा डॉक्टर एकदा मुद्दाम येऊन म्हणाला, मीही बसवून घेतले.

मग ईस्टर आला.

ईस्टरच्या आधी आमच्याकडे कशालाच रंगापासून सुटका नाही. फुटपाथच्या कडा, झाडांचे बुंधे, कुंड्या, विहिरीचा काठ, सगळ्याला चुना. पानायिसकडे तर होड्यांचा उरलेला रंग असतो. तो वाया घालवला तर त्याला पाप लागेल असं तो वागतो. आमच्या घराचं फाटक निळं, कोंबड्यांची खोपटी निळी, माझी इस्त्रीची फळीसुद्धा एका वर्षी निळी झाली होती. या वेळी ईस्टरच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी आम्ही दोघी चर्चच्या साफसफाईला गेलो होतो. परत आलो तर याने व्हॅन धुऊन ठेवलेली, गंजाचे ठिपके घासून काढलेले, आणि मागचा बंपर दोन हात देऊन निळाशार केलेला. होडीच्या कडेला लावतात तो दाट, चकचकीत रंग.

“खाऱ्या हवेने बंपर खाल्ला होता,” तो म्हणाला. “आता दहा वर्षं बघायला नको.”

झाबेता खूश झाली. सणाला नवा झगा मिळावा तशी ती व्हॅनभोवती फिरली. दिवस मावळला होता, बंपर ओला होता, हात लावू नका म्हणाला, आम्ही लावला नाही.

सोमवारी, मंगळवारी बोट निम्मी रिकामी होती. मागे कोणी नव्हतं, म्हणून टिकटिक झाली नाही, आणि झाली नाही याचं काही वाटलंही नाही. बुधवारी दुपारी लेफ्कादाहून परत यायचं होतं. धुतलेल्या चादरींनी व्हॅन छतापर्यंत भरलेली. धक्क्यावर अथेन्सच्या गाड्यांची ही रांग, छपरावर सायकली, आत कुत्री, पोरं, मेणबत्त्यांचे खोके. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाने खलाशी आधीच करवादलेले. आर्सेनिस एकाच वेळी चौघांवर ओरडत होता. आमचा नंबर आला. झाबेताने रिव्हर्स टाकला आणि दोन्ही आरसे बघत मागे जाऊ लागली.

“ये, ये, ये,” आर्सेनिसचा आवाज येत होता. लोखंडी डेकवर आवाज कुठून येतो ते कळत नाही, तो सगळीकडूनच येतो.

“डाव्या आरशात दिसत नाहीये,” झाबेता पुटपुटली.

“ये, ये.”

टिकटिक नव्हती, म्हणजे मागे मोकळं होतं. ती अजून थोडी मागे गेली. मग एक बोंब ऐकू आली, व्हॅनच्या पाठीवर दोन्ही हातांची धडाधड थाप पडली, आणि झाबेताने ब्रेक दाबला. गाडी पुढे घेतली तेव्हा आर्सेनिस भिंतीला पाठ लावून खाली बसलेला होता. घाईगर्दीत तो आपल्या जुन्या जागेवर, बरोबर मागे जाऊन उभा राहिला होता. निळ्या बंपरने त्याचा गुडघा भिंतीशी दाबला होता. हाड मोडलं नाही, पण गुडघा बघता बघता कलिंगडाएवढा झाला.

झाबेताचा चेहरा पांढराफटक पडला. तिला उतरताना आधार द्यावा लागला. ती त्याच्यापाशी गेली, खाली वाकता येईना म्हणून नुसती उभी राहिली.

“तू आरशात नव्हतास,” ती म्हणाली.

“आणि तुझा रातकिडा कुठे होता?”

तिने त्याला उठवायला हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला.

“उद्यापासून किल्ली रॅम्पवर,” आर्सेनिस दातओठ खात म्हणाला. “तुझी मान गेली, बाई. कबूल कर आणि माझी माणसं मारू नकोस.”

बोटीवरचे सगळे ‘मान’ या शब्दावर एकमेकांकडे बघून डोकी हलवू लागले. बेकरीवाली मला म्हणाली, “वाईट वाटतं गं, पण कधीतरी थांबावंच लागतं.” मी तिला काय म्हणाले ते उपासाच्या दिवसांत लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर मी चादरी उतरवायला मागचं दार उघडलं आणि माझी नजर बंपरवर गेली. चार चकत्या दिसेनात. होत्या, पण बंपर कुठे संपतो आणि चकती कुठे सुरू होते ते समजत नव्हतं, सगळं एकसारखं निळं. मी किल्लीने एका ठिकाणी खरवडलं. रंगाची जाड साल निघाली, खाली काळं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच तरातरा किनाऱ्यावर गेले. पानायिस एका होडीखाली उताणा पडून काम करत होता.

“बाहेर ये.”

“हात भरलेत, ताई.”

“तुझे हात भरलेले असतात तेव्हाच जगाचा सत्यानाश होतो. बंपरवरच्या चकत्या तू रंगवल्यास?”

“कुठल्या चकत्या? ती बटणं? दिसायला वाईट दिसत होती. काळी काळी.”

“बटणं? अरे, भोंगा आणि कान कोण म्हणालं होतं? मी म्हणाले होते?”

त्याने ब्रश डब्यात ठेवला. त्याला कळायला वेळ लागला, पण कळलं. चेहऱ्यावरून दिसलं.

“कान बुजवलेस तू तिचे,” मी म्हणाले. “दोन हात देऊन बुजवलेस.”

“मला वाटलं, कान आत असतील. डबीत.”

“आता बोटीवर जाऊन सांग आर्सेनिसला.”

त्याने हात चिंधीला पुसले. मग म्हणाला, “सणाचे चार दिवस जाऊ दे. सगळं बंदर हसेल गं. रंगारी आहे मी. काय रंगवायचं नि काय नाही हे मला कळत नाही, असं म्हणतील.”

“खरंच कळत नाही तुला.”

मी झाबेताला सगळं सांगितलं आणि म्हणाले, चल, आत्ता जाऊन आर्सेनिसच्या तोंडावर हे फेकू. तिने डोकं धरून ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती पानायिसला फाडून खाईल. ती म्हणाली, “तू काही बोलायचं नाहीस.”

“का म्हणून? दोष तुझा नाही.”

“मी सांगितलं तर ती सबब. बायको नवऱ्यावर ढकलते म्हणतील. तू सांगितलंस तर नणंद मिटवामिटवी करते म्हणतील. त्याने सांगितलं तरच ते खरं होईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“मग मला कळेल, मी कुणाबरोबर राहते ते.”

ती हे रागाने बोलली नाही, म्हणूनच मला भीती वाटली.

पुढचे दिवस माझ्याच्याने सहन होत नव्हते. गुरुवारी रॅम्पच्या पायाशी झाबेता व्हॅनमधून उतरली आणि किल्ली खलाशाला दिली. त्याने तिची उशी शेजारच्या सीटवर फेकली, सीट मागे सरकवली, रेडिओचं स्टेशन बदललं आणि व्हॅन लावली. झाबेता हातात पर्स धरून पाहुण्यांसारखी रॅम्पवरून चालत आत गेली. ओळखीचे लोक दुसरीकडे बघत होते. शुक्रवारी तेच. किती किती वर्षं तिने त्या बोटीवर व्हॅन घातली होती आणि दोन दिवसांत लोकांना ती चालत जाणारीच बरी वाटू लागली. “आराम कर आता,” म्हणायचे. जणू ती आरामासाठी तडफडत होती.

थिमियोसला मी फोन केला. तो आधी खूप हसला, मग म्हणाला, थिनर लावू नका, चकत्या खराब होतील. लाकडी काडीने हळूहळू सोला, नखाने सोला, पण सगळा रंग निघाला पाहिजे. मी पानायिसला निरोप दिला, त्याने मान हलवली आणि काही केलं नाही. माझी बोटं शिवशिवत होती, पण झाबेता म्हणाली, “हात लावू नकोस. ज्याने लावला त्याने काढायचा.”

ईस्टरच्या दिवशी सगळे एका टेबलाशी बसलो. कोकरू उत्तम झालं होतं आणि कोणालाच गोड लागलं नाही. ईस्टरला आम्ही लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटतो, ज्याचं फुटत नाही तो नशीबवान. पानायिसने आपलं अंडं झाबेताच्या अंड्यावर आपटायला पुढे केलं, तिने आपलं पुढे केलं, त्याचं फुटलं, तिचं नाही. “नशीब तुझं,” तो म्हणाला. ती उठून ताटल्या धुवायला गेली. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. माझा सख्खा भाऊ, मी त्याला कडेवर खेळवलेला, आणि त्या क्षणी मला त्याची किळस आली. हे लिहितानाही मला त्याचं वाईट वाटत नाही.

ईस्टरनंतरच्या सोमवारी पाहुणे परतत होते. आमच्या धक्क्यावर रांग लागलेली. मळलेल्या चादरींनी व्हॅन भरलेली. बोट यायला वेळ होता, आर्सेनिस गुडघा बांधून आधीच धक्क्यावर उभा होता, त्याने सणापुरतीही सुट्टी घेतली नव्हती. आमची व्हॅन रांगेत पुढे होती. मला मागून कोणीतरी हसल्यासारखं ऐकू आलं. उतरून मागे जाऊन बघितलं तर पानायिस. सणाचा सदरा अंगात, आणि गुडघे टेकून आमच्या बंपरपाशी बसलेला. हातात लाकडाची चपटी काडी. एक एक चकती सोलत होता, नखाने कडा साफ करत होता, आणि निळ्या साली खाली पडत होत्या.

“पानायिस, बंपर आवडला नाही वाटतं बायकोला?” मागच्या गाडीतला कोणी म्हणाला.

तो सोलत राहिला. हसणारे वाढले. मग आर्सेनिस लंगडत तिथे आला.

“हे काय चाललंय?”

पानायिस उठला नाही. त्याने मान खाली घालूनच सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “यंत्राचे कान आहेत हे. मी रंगवून बुजवले होते. बुधवारी तिला काही ऐकूच आलं नाही. तिची मान नाही, आर्सेनिस. माझा ब्रश.”

“बुधवारपासून माहीत होतं तुला?”

“हो.”

“आणि आज सांगतोस?”

“आज सांगतोय.”

लोक हसले, आणि ते हसू बरंच लांबलं. पानायिसचे कान लाल झाले, पण चौथी चकती पूर्ण सोलून होईपर्यंत तो जागचा हलला नाही. झाबेता व्हॅनमध्ये ताठ बसली होती. ती आरशात बघत होती हे मला दिसत होतं. तिने दार उघडलं नाही, त्याला हाक मारली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि जबडा आवळलेला होता, आणि यातलं कोणतं माफीचं नि कोणतं रागाचं हे मी आजही सांगू शकत नाही.

बोट लागली, मी परत सीटवर बसले. आर्सेनिसने खलाशाला हातानेच थांबवलं.

“घे, बाई. तूच लाव,” तो म्हणाला. उपकार केल्यासारखं म्हणाला.

झाबेताने उशी सारखी केली, व्हॅन वळवली आणि पाठ रॅम्पकडे करून उभी केली. रिव्हर्स टाकला. ती वर चढली, आत गेली, डबी सावकाश टिक, टिक करू लागली, आणि डेकच्या मधोमध ती ब्रेक दाबून थांबली.

“ये, ये,” मागून आवाज आला.

ती हलली नाही.

“काय झालं? पुष्कळ जागा आहे, ये.”

झाबेताने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, म्हणजे सगळे खांदेच बाहेर काढले. “कुठे आहेस तू?”

“इथे. मागे. कुठे असणार?”

“तिथून हल.”

“यंत्र आता चालतंय ना तुझं?”

“चालतंय. ते सांगतंय की मागे काहीतरी आहे. काय आहे ते मला बघायचंय.”

“अगं, मी जन्मभर इथेच उभा राहतो. माझा बाप इथेच उभा राहायचा.”

“गुडघा कसा आहे?” झाबेताने विचारलं.

धक्क्यावरून गाड्या भोंगे वाजवू लागल्या. कप्तानाने वरून विचारलं, काय खोळंबा आहे. खलाशी आर्सेनिसकडे बघत होते, पाहुणे घड्याळांकडे. झाबेताने हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले. मला तिची भीती वाटली आणि तिच्यासाठी अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. आर्सेनिस काहीतरी पुटपुटला आणि लंगडत डावीकडे सरकला.

“अजून,” झाबेता आरशात बघत म्हणाली.

तो आणखी सरकला.

“अजून दिसत नाहीस.”

तो कठड्यापर्यंत गेला, तिथे वळला आणि हात वर केला.

“आता दिसलास,” ती म्हणाली, आणि तिने हँडब्रेक सोडला.